दिसणं न आवडणं आणि बॉडी डिस्मॉर्फिया, दोन्ही एकच नाही

हल्ली फोटो वाईट आला की लोक पटकन म्हणतात, "मला ना बॉडी डिस्मॉर्फिया झालाय". म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यामुळे ज्याला खरंच तो मानसिक आजार आहे त्याचं दुखणं झाकलं जातं आणि ज्याला नाहीये तो उगाच स्वतःला आजारी समजायला लागतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

बॉडी इमेज म्हणजे आपल्या शरीराचं आपल्या मनातलं चित्र, आणि ते मूडप्रमाणे बदलतं. चेहरा तोच, वजन तेच, पण दिवस वाईट गेला की संध्याकाळी आरशात सगळंच बिघडलेलं दिसतं.

साधी नाराजी जवळजवळ प्रत्येकाला असते. पोट सुटलंय, केस विरळ झालेत, उंची कमी आहे. ग्रुप फोटोत आपण मागे जाऊन उभे राहतो, थोडा वेळ मन खट्टू होतं, मग गप्पा रंगल्या की विसरून जातो. हे विसरता येणं फार महत्त्वाचं आहे.

बॉडी डिस्मॉर्फियात तेच जमत नाही. नाक, त्वचा, केस, कुठलाही एखादा बारीकसा दोष, जो समोरच्याला बहुतेक दिसतही नाही, तो दिवसातले कित्येक तास डोक्यात फिरत राहतो. मग सारखं आरशात बघायचं नाहीतर आरसे टाळायचे, मेकअप किंवा टोपीने झाकायचं, त्वचा कोरत बसायचं, दुसऱ्यांशी तुलना करायची, "नीट दिसतंय ना?" असं परत परत विचारायचं. कोणी "छान दिसतेयस" म्हटलं तरी ते पाच मिनिटं पुरतं आणि प्रश्न पुन्हा हजर. कॉलेज सुटतं, नोकरी सुटते, माणूस घराबाहेर पडेनासा होतो आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात, असं असेल तर अजिबात वाट न बघता लगेच मदत घ्यायची.

हा नटवेपणा नाही आणि नवीन फॅडही नाही. इटालियन डॉक्टर एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच याचं वर्णन केलं होतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांची यादी देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, तो ओसीडीच्या (मंत्रचळाच्या) गटात गेला आणि मला ते पटतं, कारण नको असलेला विचार आणि तो शमवायला परत परत तीच कृती हे चक्र दोन्हीकडे आहे. साधारण शंभरातल्या दोघांना होतो, बहुतेक वेळा किशोरवयात सुरू होतो, आणि फक्त मुलींना होतो हा निव्वळ गैरसमज आहे. मुलांमध्ये तर मसल डिस्मॉर्फिया दिसतो, चांगलं पिळदार शरीर असूनही आपण हडकुळेच आहोत असं वाटत राहतं.

उपाय वेगळे आहेत म्हणून हा फरक कळायला हवा. साध्या नाराजीत तुलना करायला लावणारी अकाउंट्स म्यूट करणं, शरीर कसं दिसतं यापेक्षा ते दिवसभर काय काय करतं तिकडे लक्ष देणं, घरात मुलांसमोर कोणाच्या वजनावर न बोलणं, याने खरंच फरक पडतो. पण ही नाराजी किरकोळ म्हणून सोडूनही देऊ नका, त्यातूनच क्रॅश डाएट सुरू होतात, आणि वजनाच्या भीतीने खाणंच बिघडलं तर तो ईटिंग डिसऑर्डर असू शकतो, तो आणखी तिसराच विषय.

डिस्मॉर्फियात मात्र "स्वतःवर प्रेम कर" हा सल्ला पुरत नाही. कॉस्मेटिक सर्जरीनेही सहसा समाधान होत नाही, काळजी तशीच राहते किंवा दुसऱ्या अवयवावर सरकते. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि एसएसआरआय गटातली औषधं (डिप्रेशनमध्येही देतात ती) यांचा उपयोग होतो, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं.

जवळचं कोणी सारखं नाकाबद्दल विचारत असेल तर नाक चांगलं की वाईट या वादात पडू नका. "या विचारात दिवसातला किती वेळ जातो गं तुझा?" एवढं विचारा, आणि उत्तर तासांमध्ये आलं तर डॉक्टरकडे तिच्यासोबत जा.