सागवान, बांबू, तेंदू, आता लोह : सुरजागडभोवतीच्या बाजारपेठांची मागची गोष्ट

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता सिरोंचाला जातो, एक अहेरीला, एक एटापल्ली-भामरागडच्या बाजूला आणि एक आष्टीचा पूल ओलांडून चंद्रपूरला. पूर्वी या चौकातल्या दुकानांच्या पाट्या वाचल्या की जिल्ह्याचा उदरनिर्वाह कळायचा : किराणा, कापड, कृषी केंद्र, सायकल दुरुस्ती. आता टायर, पंक्चर, वेल्डिंग, हायड्रॉलिक होस, ‘रूम भाड्याने देणे आहे’. पाट्यांवर लाल धूळ बसते, कोरड्या फडक्याने पुसली की आणखी पसरते. ही धूळ सुरजागडच्या डोंगराची, तिथल्या लोहखाणीची. खाणीने आमच्याकडे धंदा आणला, असं म्हणणारे बरेच भेटतात. खाणीने धंदा मारला, असंही म्हणणारे आहेत. दोघांचं ऐकण्याआधी इथे धंदा कसा चालत आला ते पाहिलेलं बरं.

सुरजागडचा खाणपट्टा दिला गेला 2007 ला, पण लोखंडाची गोष्ट तेव्हा सुरू होत नाही. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोहखनिजाबद्दल तो होता. जमशेटजी नागपूरला नवखे नव्हते, एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. लोहाऱ्याचं खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, म्हणजे पोलाद इथेच व्हावं असं गणित मांडलं गेलं. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि तेव्हाचे सरकारी परवान्याचे नियमही जाचक होते. वीसेक वर्षांनी त्यांचे पुत्र दोराबजी पुन्हा चांद्याच्या लोहाच्या शोधात असताना नागपूरच्या संग्रहालयात त्यांनी दुर्गजवळच्या लोहाचा नकाशा पाहिला, आणि शोध पूर्वेला सरकत मयूरभंजला गेला. पुढे जमशेदपूर उभं राहिलं. चांद्याला पोलादनगरी आली असती तर, अशी हळहळ विदर्भात अजून ऐकू येते. गावकऱ्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न त्या हळहळीत कधी नसतो.

लोह राहिलं, जंगल मात्र गेलं, म्हणजे विकलं गेलं. आलापल्लीचं सागवान इंग्रजांच्या काळापासून नावाजलेलं. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेला जंगलाचा तुकडा पाहिला की जुनी झाडं काय जाडीची होती ते कळतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं तेही याच पट्ट्यातलं, पण मिरवणूक निघाली बल्लारपूरच्या डेपोतून. हे नेहमीचंच आहे. माल इकडचा, लिलाव तिकडे. 1945 मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीला इथला बांबू गेला. कापणारे माडिया-गोंड मजूर, कंत्राट बाहेरचं, कारखाना नदीपलीकडे. आष्टीला एक पेपर मिल आली होती, ती बंद पडली. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा रेल्वेचं स्टेशन एकच होतं, उत्तर टोकाला देसाईगंज-वडसा. त्यामुळे एटापल्लीचा व्यापारी असो की सिरोंच्याचा, माल ट्रकनेच यायचा आणि ट्रकनेच जायचा.

तरीही या गावांत वर्षातून एकदा पैसा खेळायचा, तो तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खाणीच्या चर्चेत तेंदू ‘पूरक उत्पन्न’ म्हणून एका ओळीत उरकला जातो.

मे महिन्यात पहाटे तीन-चारला घर रिकामं होतं. कोवळी, न फाटलेली पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून मांडीवर रचायची. सत्तर पानांचा एक पुडा, वरून झाडाच्या सालीची दोरी. आजीपासून पोरापर्यंत सगळे बांधतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे शेकड्याने मोजून जमिनीवर रांगेत मांडतात. मुंशी वहीत लिहितो. पुढचे काही दिवस पुडे उन्हात वाळतात, मधेच उलटवावे लागतात, आणि वळवाचा पाऊस आला तर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. त्या पैशावर एटापल्लीची जूनची बाजारपेठ चालायची : बियाणं, खत, छत्री, शाळेचे कपडे, लग्नाचं सामान.

1969 च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. सरकार युनिटांचा, म्हणजे जंगलाच्या ठरवून दिलेल्या भागांचा, लिलाव करी, कंत्राटदार मजुरी देई. ती मजुरी इतकी तुटपुंजी होती की 1980 नंतर सिरोंच्याकडून दादालोक, म्हणजे नक्षलवादी, आत आले ते सर्वांत आधी शेकड्याचा भाव वाढवून द्यायला. जंगलात त्यांचे पाय इथेच रोवले गेले. नंतर त्यांनी कंत्राटदारांकडून खंडणीही घेतली, म्हणजे भाववाढीचा हिशेब कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला हे वेगळंच प्रकरण आहे.

खरा बदल कायद्याने झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणारं गाव ते हेच. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एवढ्याशा पावतीबुकाने काय होतं? ज्याच्या हातात परवाना, तो विक्रेता, बाकीचे मजूर. 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम, आले आणि ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करू लागल्या. वर्तमानपत्रात जाहिरात देणं, निविदा फोडणं, करारनामा करणं, कंत्राटदाराकडून आगाऊ रक्कम घेणं हे पंचवीस-तीस घरांच्या गावांनी शिकून घेतलं. मजुरीशिवाय रॉयल्टीही मिळू लागली, तिचं काय करायचं ते गावाने बसून ठरवायचं. ठेकेदाराने पैसे बुडवले, असंही झालं. 2017 ला जीएसटी आला आणि तेंदूवर 18 टक्के लागला, भाव पडले. पण हा जिल्ह्यातला पहिला उद्योग होता ज्याचा मालक गावात राहत होता. माझ्या मते सुरजागडची चर्चा इथून सुरू व्हायला हवी, आणि ती होते मात्र ‘मागास भागात पहिल्यांदाच उद्योग आला’ या वाक्याने.

आता खाण. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरावर 348.09 हेक्टरचा खाणपट्टा 2007 मध्ये लॉईड्स मेटल्सला मिळाला. त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत जत्रा भरते आणि सुरजागड इलाख्याच्या सत्तर गावांचे लोक येतात. पहिली कित्येक वर्षं काम उभंच राहिलं नाही. जून 2013 मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची माओवाद्यांनी हत्या केली. 2016 ला उत्खनन सुरू झालं तर 23 डिसेंबरला सत्तरहून अधिक वाहनं जाळली गेली. यातली बरीच वाहनं कर्जावर घेतलेली होती. 2021 पासून मोठ्या पोलीस बंदोबस्तात काम सलग चालू झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये जनसुनावणी झाली आणि 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांपर्यंत परवानगी वाढली. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्याचं भूमिपूजन 2017 मध्येच झालं होतं. ‘खनिज बाहेर नको, कारखाना इथेच हवा’ ही मागणी विरोधकांचीच नव्हती, व्यापाऱ्यांचीही होती. सागवान-बांबूचा अनुभव गाठीशी होता.

या काळात एटापल्ली, अहेरी, चामोर्शी, कोरची, भामरागड या तालुक्याच्या गावांचा दर्जाही बदलला. 2015 मध्ये ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. लोकांना वाटलं रस्ते-नाल्यांना निधी येईल, थोडाफार आलाही. पण पेसा लागू होतो तो पंचायतींना. शहरी संस्थांसाठी तसा कायदा करण्याचं विधेयक 2001 मध्ये संसदेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे खाणीला सर्वांत जवळची बाजारपेठ असलेल्या एटापल्लीला पेसाची ग्रामसभाच उरली नाही. ट्रक तिच्या मुख्य रस्त्यावरून जाणार, पण ठराव घ्यायचा तो पलीकडच्या पाड्याने.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीचा, पैसा हा दुसरा मुद्दा. 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के रक्कम या निधीत भरावी लागते, त्यामुळे सुरजागडचा आकडा लहान नाही. तो निधी कुठे खर्च होतो, यावर जिल्ह्यात दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी ते गडचिरोलीच्या बैठकीत होतं.

बाजारपेठेला काय मिळालं? ड्रायव्हर, क्लीनर, सुरक्षारक्षक, कॅन्टीनचा भाजीपाला, भाड्याच्या खोल्या, गॅरेज. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी, त्यामुळे खाणगावांत दिसणारी परमिट रूमची रांग इथे नाही. चोरून मिळते ती गोष्ट वेगळी. मोठी कामं, म्हणजे यंत्रं, स्फोटकं, मोठी कंत्राटं, बाहेरच्यांकडे. स्थानिकांच्या हाती लागलेला सर्वांत ठोस धंदा ट्रकचा. शेत गहाण टाकून, नातेवाइकांकडून उसने घेऊन हप्त्यावर गाड्या घेतल्या गेल्या. दरम्यान आष्टी-आलापल्ली रस्त्याची चाळण झाली, एसटीच्या फेऱ्या रखडल्या आणि त्याच चौकातल्या किराणा दुकानदाराचं गिऱ्हाईक कमी झालं.

मग जुलै 2025 मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत 85 किलोमीटरची स्लरी पाईपलाईन सुरू झाली. खनिज दळून पाण्याबरोबर नळातून जाणार. धूळ कमी, अपघात कमी, रस्ता वाचेल, हे सगळं खरं. पण ज्याच्या ट्रकचे अजून चाळीस हप्ते बाकी आहेत त्याचं काय? गोव्यातल्या डिचोली-साखळीच्या ट्रकवाल्यांना हा प्रश्न विचारावा. 2012 ला तिथल्या खाणी थांबल्या, सुरू झाल्या, मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि अंगणात उभे राहिलेले ट्रक गंजले. तिथे कारण न्यायालय होतं, इथे तंत्रज्ञान आहे. हप्ता मात्र बँकेचा, तो कारण विचारत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर, कोरची तालुक्यात झेंडेपारची लोहखाण अजून कागदावर आहे. तिची जनसुनावणी ऑक्टोबर 2023 मध्ये झाली, तीही गडचिरोलीत, शंभरेक किलोमीटरवर. या तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली आहे आणि त्यात बाया पुढे आहेत. तेंदूचा सौदा एकेका गावाने करण्यापेक्षा मिळून केला की भाव जास्त मिळतो, हे त्यांनी करून पाहिलं आहे. कोरचीच्या बाजारात दोन्ही बोलणी ऐकू येतात. ‘खाण आली की पोरगा गाडी घेईल,’ म्हणणारा बाप आहे, आणि मोहाची टोपली समोर ठेवून बसलेली बाई आहे, जिला खाणपट्ट्यात आपली किती मोहाची झाडं येतात ते बोटांवर मोजता येतं.