मोलकरीण

मोल घेऊन परक्या घरी धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक अशी कामे करणारी स्त्री. शब्दाची फोड सोपी आहे. ‘मोल’ हे संस्कृत ‘मूल्य’चे प्राकृतातून आलेले रूप, ‘करी’ शेतकरी-वारकरी यांतला, आणि ‘ईण’ स्त्रीलिंगी. मोल म्हटले की आज किंमत आठवते, पण मजुरी हाही त्याचा जुना अर्थ. तुकोबांच्या अभंगात ‘मोलें’ म्हणजे पैसे देऊन. ‘मोलमजुरी’त तो अजून शाबूत आहे. पुल्लिंगी ‘मोलकरी’ मात्र बोलण्यातून जवळजवळ गेला. पुरुष तो ‘गडी’.

या शब्दाचे वजन शेजारच्या शब्दांमुळे कळते. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी भेटतात. त्या खरेदी-विक्रीतल्या दासी. त्यांचे मोल विकणाऱ्याच्या हाती पडे. (‘बटीक’ पुढे शिवी झाली, हेही त्याच हिशेबातले.) वेठीला धरलेल्याला तर मोलच नसे. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतन रद्द केले, त्यामागे वतनापोटी राबवून घेण्याची हीच रीत होती. मोलकरणीचे मोल तिच्याच पदरात पडते.

तरी कोल्हापुरात हा शब्द तोंडावर सहसा कोणी वापरत नाही. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये ती ‘मावशी’, पाठीमागे ‘कामवाली’ किंवा ‘भांडीवाली’. घराने बाई ‘लावलेली’ असते, बाईने घर ‘धरलेले’ असते. ‘वैनी, उद्या गावाकडं जत्रा हाय, येत न्हाई, खाडा धरू नगा,’ असे दारात चपला घालता घालता सांगितले जाते, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल पडतो. पगाराच्या दिवशी ते गोल मोजले जातात. मावशीचा खाडा धरायचा नसतो. धरला जातो तो मोलकरणीचा.

म्हणूनच कदाचित, या बायकांनी स्वतः संघटना बांधली तेव्हा नात्याचा शब्द घेतला नाही. पुण्यात 1980 च्या संपातून उभी राहिली ती ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. सरकारने मात्र 2008 च्या कल्याण मंडळ अधिनियमात ‘घरेलू कामगार’ हा शब्द घेतला. त्यातले ‘घरेलू’ हिंदीतून आले. ‘घरकामगार’ हा सरळ मराठी शब्द हाताशी होता.