अकबराचा हत्ती, सावंतवाडीचा मासा: प्राण्यांच्या दोन गंजिफा

सावंतवाडीची गोल, लाखेने चकाकणारी दशावतारी गंजिफा, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा जुना संच, पाहून पुष्कळ जण म्हणतात, "ही अकबराच्या दरबारातली पानं." अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात वर्णन केलेल्या गंजिफेशी तिची गल्लत होते. ती होणं साहजिक आहे. दोन्हींत एका रंगाची १२ पानं: वर राजा, मग वजीर किंवा प्रधान, खाली एक ते दहा. प्राणीही दोन्हींत आहेत, फक्त त्यांचं काम वेगळं.

अबुल फजलच्या जुन्या गंजिफेत १२ रंग, म्हणजे १४४ पानं. अश्वपतीचा राजा घोड्यावर, आणि खालच्या पानांवर एकापासून दहापर्यंत घोडे. गजपती म्हणजे हत्तींच्या बळावर राज्य करणारा, ओडिशाच्या राजासारखा. त्याच्या पानांवर हत्ती. पुढे गढपतीचे किल्ले येतात, नवपतीच्या नावा येतात. इथे प्राणी म्हणजे लष्करी ताकद. मला मात्र शेवटचे दोन रंग विलक्षण वाटतात. बनपतीत माणूसच नाही: राजा वाघ, वजीर बिबट्या, खाली रानातली श्वापदं. अहिपतीत तर सापाच्या पाठीवर साप स्वार झालेला वजीर आहे! चित्रकाराला केवढी मोकळीक मिळाली असेल.

अकबराने पुढे रंग बदलले. नाणी, तलवार, मुकुट, गुलाम असे रंग असलेला ९६ पानांचा 'मोगल' संच त्याच वळणाचा.

दशावतारीत १० रंग, १२० पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं. इथवर सरळ आहे. पण वराह राजाला वराहाचं तोंड असूनही त्याच्या खालच्या पानांवर शंख असतात, नरसिंहाच्या पानांवर चक्रं. कृष्णाच्या पानांवर अनेक संचांत गाई दिसतात. म्हणजे इथला प्राणी ही देवाची खूण आहे, सैन्याची मोजदाद नव्हे. खेळही देवांभोवतीच फिरतो: दिवसा डाव सुरू करण्याचा मान रामाच्या राजाला, रात्री कृष्णाच्या. सावंतवाडीच्या चितारींची, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या कारागिरांची, ही कला विसाव्या शतकात लयाला चालली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती सावरली, हे त्यांचे मोठे उपकार.

सुटं पान हाती आलं तर आधी आकड्याचं पान आहे का पाहा. त्यावर मासे किंवा कासवं असली तर दशावतारी. तलवारी असल्या तर घाई नको, कारण तलवार कल्कीचीही खूण आहे आणि मोगल संचातही ती आहे. अशा वेळी त्या रंगाचा राजा शोधावा. पांढऱ्या घोड्यासह कल्की दिसला की प्रश्न मिटला.