साठ की एकशेवीस? गणपतीच्या तिकिटाची पार्श्वभूमी

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडू लागलं. त्याआधी ते 120 दिवस आधी उघडायचं. इतरत्र ही बातमी दोन दिवस चालली आणि विरली. लालबाग, भांडुप, डोंबिवलीतल्या कोकणी घरांत मात्र त्याच संध्याकाळी भिंतीवरची कॅलेंडरं उतरली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या स्लीपरची तिकिटं ज्या सकाळी सुटतात, ती सकाळच हलली होती.

2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. दोन दिवस आधी, म्हणजे 5 तारखेला निघायचं तर तिकीट 8 मे रोजी काढावं लागलं. निम्मं घर तेव्हा गावीच, आंबे उतरवण्यात गुंतलेलं, आणि मुंबईत एकजण सकाळी आठला मोबाईल घेऊन बसलेला. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली. 25 ला निघणाऱ्यांसाठी खिडकी उघडली 26 जूनला. शाळा सुरू, पाऊस सुरू, आणि मुख्य म्हणजे कचेरीत रजेचा अर्ज टाकण्याजोगी वेळ.

हा आकडा काही पहिल्यांदा बदललेला नाही. 2012 च्या मार्चमध्ये 90 चे 120 झाले. 2013 च्या मे महिन्यात 120 चे 60. दलालांना आळा बसावा, हे तेव्हाचं कारण. 2015 च्या एप्रिलमध्ये पुन्हा 120, आणि साडेनऊ वर्षांनी पुन्हा 60. परदेशी पर्यटकांना 365 दिवस आधी तिकीट काढायची मुभा आहे, तिला या सगळ्यात कुणी हात लावला नाही.

2024 च्या निर्णयामागे रेल्वेचं म्हणणं असं की 61 ते 120 दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे 21 टक्के रद्द होतात, शिवाय काहीजण रद्दही करत नाहीत आणि येतही नाहीत. यात तथ्य आहे. चार महिन्यांनंतरची रजा मंजूर होईल की नाही, हे कुणाला सांगता येतं? म्हणून लोक तीन तारखांची तिकिटं काढून ठेवत आणि दोन सोडून देत. स्लीपरचं पक्कं तिकीट वेळेत रद्द केलं तरी दर माणशी 120 रुपये कापले जायचे. पाचजणांचे 600. पण गणपतीला घरी पोहोचण्यापुढे 600 रुपयांचं काय मोठंसं, असं म्हणणारे आमच्याच चाळीत चार निघाले असते. उलट बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. चतुर्थीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, मग लवकर ठरवणाऱ्याला लवकर तिकीट का नको? शिवाय 60 दिवसांत तिकीट हुकलं तर दुसरी सोय बघायला हातात दोनच महिने उरतात. माझं विचाराल तर 60 बरे. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला प्रवासाचे पैसे चार महिने अडकवून ठेवणं सोपं नसतं.

खरा गोंधळ 60 की 120 यात नाहीच, दिवस कुठून मोजायचे यात आहे. प्रवासाचा दिवस धरायचा नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण दिवस मोजले जातात ते गाडी आपल्या पहिल्या स्थानकावरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून; आपण ज्या तारखेला चढतो त्या तारखेपासून नव्हे. आता कोकणकन्या एक्स्प्रेस घ्या. सीएसएमटीहून ती रात्री अकराच्या सुमारास निघते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे 25 ऑगस्टची गाडी पनवेलकराच्या तिकिटावर 26 ऑगस्टची होते. तो बिचारा 26 पासून मागे मोजत 27 जूनला खिडकीवर जातो. त्या गाडीचं आरक्षण 26 जूनलाच उघडून भरलेलं असतं.

याच्या उलटी चूक आमच्या घरात झाली. 25 च्या रात्री पनवेलहून निघायचं म्हणून मावसभावाने तिकिटावर 25 तारीख टाकली. ती गाडी 24 च्या रात्री मुंबईहून सुटलेली होती आणि त्यांचे बर्थ रिकामे घेऊन आदल्याच रात्री निघून गेली. पाच माणसं, दोन मोदकपात्रं आणि मखराचं थर्माकोल फलाटावर. परतीला हीच मोजणी पुन्हा फिरते. केरळातून येणारी गाडी कुडाळला दुसऱ्या दिवशी पोहोचत असेल, तर कुडाळहून चढणाऱ्याचं आरक्षण त्याच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधी उघडतं.

संगणकाआधीचा काळ थोडक्यात. गाडीगणिक जाड वही, पुठ्ठ्याचं तिकीट, हाताने लिहिलेला चार्ट, म्हणजे कुणाला कुठला बर्थ याची यादी. परतीचं आरक्षण हवं तर तार जायची आणि उत्तराची वाट बघायची. संगणकावरचं आरक्षण 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत आलं, पण वेगवेगळ्या शहरांतली यंत्रणा एकमेकांना जोडायला 1999 उजाडलं. कोकणी माणसाला या जुन्या काळाचं सुखदुःख तसं कमीच, कारण संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली ती 1998 मध्ये. तोवर एसटी, आणि त्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून बोट.

मला नीट आठवतो तो त्यानंतरचा दहा वर्षांचा काळ. खिडकी सकाळी आठला उघडायची, रांग आदल्या रात्रीपासून. शाळेच्या दोनशे पानी वहीत कुणीतरी नंबर लिहून घ्यायचा, रात्री दोनला आणि पहाटे पाचला हजेरी व्हायची, आणि हजेरीला नसलेल्याचं नाव खोडलं जायचं. ती वही रेल्वेची नव्हे, पण तिच्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती. फॉर्मवर सहाच नावं मावायची, त्यामुळे सातव्या माणसासाठी घरातला आणखी एकजण रांगेत. आमचे बाबा वहीत अकरावे होते. आठ वाजून वीस मिनिटांनी खिडकीशी पोहोचले आणि सहा जणांचं वेटिंग घेऊन आले. इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं 2002 पासून, तेही आधी कुरियरने घरी यायचं. घरीच छापायचं तिकीट 2005 मध्ये आलं. हळूहळू वही संपली. रांग मात्र राहिली, फक्त दिसेनाशी झाली.

डब्याचं काय? तिसरा वर्ग 1974 मध्ये बंद झाला. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला तो 1977 नंतर. तो आणणारे रेल्वेमंत्री राजापूरहून निवडून गेलेले होते, एवढं सांगितलं तरी कोकणात पुढचं सांगावं लागत नाही; इतरांसाठी, मधू दंडवते. जुन्या स्लीपर डब्यात 72 बर्थ, नव्या लांब डब्यात 80. मध्यंतरी, 2007 च्या सुमारास, बाजूच्या दोन बर्थमध्ये तिसरा घुसवायचा प्रयोग झाला. तिथे झोपणाऱ्याला कूसही बदलता येईना. 2009 मध्ये ते मधले बर्थ निघू लागले.

तत्काळ, म्हणजे आयत्या वेळचं आरक्षण, 1997 पासून आहे. आज स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 11 ला उघडतं. 1 जुलै 2025 पासून ते ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. मूळ आरक्षण उघडतं तेव्हाची पहिली 15 मिनिटंही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आधारवाल्यांसाठी राखली गेली; पुढे ती वेळ वाढवली गेली. वेटिंगच्या बाबतीत एक फरक अजून अनेकांच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं तसं रद्द होत नाही. म्हणून ते हातात घेऊन लोक स्लीपरमध्ये चढतात, आणि पनवेलनंतर टीसी आला की दाराजवळच्या गोणीवर बसून वाद सुरू होतो. नियमाने त्यांची जागा जनरल डब्यात. गणपतीच्या आदल्या रात्री त्या जनरल डब्याच्या पायरीवर पाय ठेवून दाखवावा.

जुलै 2025 मध्ये चार्ट चार तासांऐवजी आठ तास आधी लागू लागला, आणि डिसेंबर 2025 पासून रात्रीच्या गाड्यांचा दहा तास आधी. रात्री अकराच्या गाडीचा निकाल आता दुपारी एकच्या सुमारास कळतो. नाही म्हटलं तर सामान उचलून एसटीचा परळ डेपो गाठायला अख्खी संध्याकाळ असते.