मधपेटीत नेमके काय बिघडते?

मधमाश्यांच्या पेटीत परजीवी किती शिरले आहेत, हे मोजायची एक साधी रीत आहे. अळ्यांच्या चौकटीवर राणीमाशी नाही ना, हे आधी दोनदा पाहून घ्यायचे आणि मग अर्धा कप माश्या बरणीत झटकायच्या. एवढ्या मापात साधारण ३०० माश्या येतात. बरणीच्या तोंडाला जाळी लावून वरून पिठीसाखर घालायची, माश्या तिच्यात चांगल्या घोळल्या जातील अशी बरणी हळूहळू फिरवायची आणि थोडा वेळ थांबून पांढऱ्या ताटावर उलटी धरून हलवायची. ताटात पडलेल्या साखरेवर पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि मागे राहतात ते तांबूस तपकिरी, चपटे, खेकड्यासारखे आडवे पसरलेले ठिपके, प्रत्येकी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. ३०० माश्यांमागे नऊपेक्षा जास्त ठिपके निघाले, तर साधारणपणे उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत. साखरेने माखलेल्या माश्यांना मात्र या सगळ्यातून फारसा त्रास होत नाही. पेटीत परत सोडल्यावर आतल्या माश्या त्यांना चाटून स्वच्छ करतात.

हा ठिपका म्हणजे व्हरोआ डिस्ट्रक्टर हा कोळ्यांच्या कुळातला परजीवी जीव. त्याची मूळ यजमान आशियाई मधमाशी, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो ती. विसाव्या शतकात युरोपीय मेलिफेरा माशीच्या पेट्या आशियात आल्या, दोन्ही जातींच्या वसाहती शेजारी नांदू लागल्या आणि त्या शेजारातून व्हरोआने नवे घर शोधले. पुढे पेट्यांची आणि राण्यांची ने-आण होत राहिली, तसा तो जगभर पसरला. १९८७ मध्ये तो अमेरिकेत आढळला, तर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातही शिरला.

व्हरोआ माशीचे ‘रक्त’ पितो, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माश्यांच्या शरीरातील द्रव एका रंगाने आणि मेद दुसऱ्या रंगाने रंगवून परजीवीच्या पोटात काय जाते ते पाहिले, तेव्हा त्याचे मुख्य अन्न मेदपिंड असल्याचे दिसले. हा मेदपिंड म्हणजे माशीच्या पोटाच्या कवचाखाली पसरलेला मऊ थर. आपल्या शरीरात यकृत आणि चरबी मिळून जी कामे करतात, त्यांतील बरीचशी माशीच्या शरीरात हा एकटा थर करतो: अन्न साठवतो, रोगप्रतिकारासाठी लागणारी प्रथिने बनवतो आणि विषाचा निचरा करतो. मधमाश्यांवरील संकटांची यादी वाचताना परजीवी, कीटकनाशके आणि उपासमार ही तीन वेगवेगळी प्रकरणे वाटतात. माशीच्या शरीरात मात्र तिन्हींचा हिशेब बऱ्याच अंशी या एकाच अवयवाच्या खात्यावर मांडला जातो.

उपासमारीचेच पाहा. मेदपिंड भरतो तो परागकणांतील प्रथिनांवर, आणि कोवळ्या वयात माशीला ते पुरेसे मिळावे लागतात. सगळ्याच फुलांचे पराग सारखे नसतात; काहींत प्रथिने भरपूर, काहींत अगदीच थोडी, आणि एखादे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले तर बाकीच्यांचा उपयोगही मर्यादित होतो. बांधावरचे तण, पडीक जमीन आणि कुंपणाच्या वेली ही कसर भरून काढत असत. एकाच पिकाखालच्या अफाट शेतात दोन-तीन आठवडे फुलांचा पूर येतो आणि नंतर माशीच्या दृष्टीने ते वाळवंटच असते. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागा हे याचे टोकाचे उदाहरण. दर फेब्रुवारीत तिथे सुमारे वीस लाख वसाहती ट्रकमधून आणल्या जातात. दूरदूरच्या पेट्या एकत्र येतात, माश्या चुकून शेजारच्या पेटीत शिरतात आणि परजीवींसोबत विषाणूंचीही देवाणघेवाण होते. व्हरोआने वाहून नेलेल्या एका विषाणूमुळे कोषातून बाहेर पडणाऱ्या माशीचे पंख चुरगळलेलेच राहतात.

तिसरा भार विषाचा. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके बियाण्याला चोळली तरी रोपाच्या रसासोबत वर चढतात आणि अल्प प्रमाणात मकरंदात व परागात उतरतात. त्या मात्रेने माशी जागीच मरत नाही. पण या गटातील थायमेथोक्झामची सौम्य मात्रा दिलेल्या माश्यांपैकी बऱ्याच जणी घरी परततच नाहीत, हे माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप चिकटवून केलेल्या प्रयोगात २०१२ मध्ये दिसून आले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन रसायनांचा उघड्या शेतातील वापर थांबवला. बुरशीनाशकांकडे मात्र, माझ्या मते, आपण उगाच निर्धास्तपणे पाहतो. त्यांतील काही एकटी असताना माशीला फारशी बाधत नाहीत. पण विष मोडणारी माशीची विकरे (एन्झाइम) ती अडवून धरतात आणि सोबत फवारलेले काही कीटकनाशक मग कितीतरी पटींनी जहाल ठरते. मुळात फळमाशी, डास यांच्या तुलनेत मधमाशीकडे विष मोडणारी जनुके कमी आहेत. त्यात मेदपिंड उपाशी आणि वर परजीवीने कुरतडलेला असेल, तर त्याच शेतातली तीच मात्रा दोन पेट्यांवर वेगवेगळा परिणाम करते. म्हणूनच ‘वसाहत कशाने मेली?’ या प्रश्नाचे एका शब्दातले उत्तर बहुधा चुकीचे असते.

मधमाश्या नामशेष होत आहेत, हे नेहमी ऐकू येणारे वाक्य पाळीव मेलिफेराच्या बाबतीत खरे नाही. जगातील पाळीव वसाहतींची संख्या १९६१ पासून वाढलेली आहे, फक्त परागीभवनासाठी कीटकांवर अवलंबून असलेली पिके त्याहून कितीतरी वेगाने वाढली. अमेरिकेत मधपाळ अनेक वर्षी ४० टक्क्यांच्या आसपास वसाहती गमावतात आणि उरलेल्यांचे विभाजन करून, नव्या राण्या विकत घेऊन आकडा पुन्हा जुळवतात. वर्षअखेरीच्या मोजणीत ही झीज दिसत नाही. ती मधपाळाच्या श्रमात आणि खर्चात जिरते.

उपचारांनाही मर्यादा आहेत. फ्लुव्हॅलिनेटसारख्या परजीवीनाशक औषधांना व्हरोआ सरावला आणि औषधाचे अंश पोळ्याच्या मेणात साठून राहिले. ऑक्झॅलिक आम्ल हा दुसरा उपाय अळ्या-कोषांच्या मेणाने झाकलेल्या घरांच्या आत पोहोचत नाही, आणि परजीवीचे प्रजनन तर तिथेच चालते. त्याला नराची घरे अधिक आवडतात, कारण नर झाकणाखाली कामकरी माशीपेक्षा जास्त दिवस राहतो. हीच आवड हेरून मधपाळ नरांच्या घरांची एक चौकट मुद्दाम पेटीत ठेवतो, घरे झाकली गेली की ती बाहेर काढून गोठवतो आणि परजीवींचा मोठा वाटा त्यासोबत संपवतो. सातेरीने हे काम फार पूर्वीच आपल्या पद्धतीने सोडवले आहे: परजीवींनी खचलेल्या नराला आपल्या घराचे जाड झाकण फोडून बाहेर येण्याचे बळ उरत नाही, बाहेरच्या माश्याही ते उघडत नाहीत, आणि नरासोबत आतले सगळे व्हरोआ तिथेच गाडले जातात.