कडव्या हिंसेसमोर करुणा कुठे तग धरते, कुठे मोडते

समोरचा बंदूक रोखून उभा असेल तर करुणेचा काय उपयोग, हा प्रश्न प्रत्येक दहशतवादी हल्ल्यानंतर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेलं असतं. अहिंसेचं काम म्हणजे मारेकऱ्याला पाझर फोडणं, आणि पाझर फुटला नाही की अहिंसा हरली, असं आपण धरून चालतो. गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन दुसरीकडे बोट दाखवतं. कडव्या संघटनेला जगायला नवी पोरं लागतात, भोवतालच्या लोकांचं मौन लागतं आणि समोरून येणारा सूडही लागतो. हल्ला सुरू झाल्यावर मारेकऱ्यापर्यंत करुणा क्वचितच पोहोचते. या पुरवठ्यापर्यंत मात्र ती पोहोचू शकते, आणि केव्हा पोहोचते ते आता बऱ्यापैकी कळू लागलं आहे.

आधी मेंदूकडे पाहू, कारण मोठा घोटाळा तिथेच होतो. दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्यालाही दुखणं आणि त्याचं दुःख दूर व्हावं असं वाटणं, या मेंदूच्या लेखी दोन निराळ्या क्रिया आहेत. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी स्वयंसेवकांना इतर माणसांच्या यातनांच्या चित्रफिती दाखवून हे तपासलं. आधी त्यांना दुसऱ्याच्या वेदनेशी समरस व्हायला शिकवलं. परिणाम असा झाला की त्यांचं स्वतःचं मन खचू लागलं. आपल्याला दुखतं तेव्हा जागे होणारे मेंदूचे भाग, म्हणजे इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेटचा मधला पट्टा, जास्त सक्रिय झाले. मग त्याच लोकांना करुणेचा सराव दिला. चित्रफिती तशाच विदारक होत्या, पण आता आपुलकी आणि समाधानाशी निगडित असलेले भाग पुढे आले आणि खचलेपण ओसरलं.

याला व्यवहारात फार मोठा अर्थ आहे. नुसता दुसऱ्याच्या दुःखात बुडणारा माणूस लवकर थकतो, आणि थकला की तोंड फिरवतो किंवा चिडतो. शिवाय ही समवेदना बहुतेकदा आपल्या माणसांपुरती असते. एमिल ब्रुनो, मीना चिकारा आणि रेबेका सॅक्स यांनी २०१७ साली अमेरिकन, हंगेरियन आणि ग्रीक लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. परक्या गटाचं नुकसान होऊ द्यायला कोण तयार होतं, हे माणूस एकूण किती हळवा आहे यावरून ठरत नव्हतं. आपल्यांविषयीची कळकळ आणि परक्यांविषयीची कळकळ यांच्यातली दरी जितकी मोठी, तितकी ती तयारी जास्त. भरती करणारे नेमकी हीच दरी रुंदावतात. त्यांचा प्रचार बहुतेक वेळा क्रौर्याच्या कौतुकाने सुरू होत नाही; आपल्या समाजातल्या मेलेल्या लेकरांच्या चित्रांनी सुरू होतो. तेव्हा ‘लोकांना जास्त संवेदनशील करा’ हा उपाय अपुरा आहे, आणि एकतर्फी वापरला तर घातकही.

करुणा सरावाने वाढते, हेही प्रयोगात दिसलं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात हेलन वेंग आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून रोज ३० मिनिटं, दोन आठवडे सराव करून घेतला. त्याचा क्रम ठरलेला होता: आधी जिवलग माणूस, मग स्वतः, मग अनोळखी, आणि शेवटी ज्याच्याशी आपलं पटत नाही असा माणूस. सराव केलेल्यांनी नंतरच्या एका खेळात, अन्याय झालेल्या अनोळखी माणसासाठी स्वतःच्या खिशातून जास्त पैसे घातले. अर्थात दोन आठवड्यांच्या सरावाने कोणी गोळीबाराला सामोरं जायला तयार होत नाही. इतकंच कळतं, की करुणा जन्मजात ठरलेली नसते.

आता दुसऱ्या बाजूच्या मेंदूकडे वळू. स्कॉट अट्रान, नफीस हमीद आणि क्लारा प्रेटस यांच्या गटाने बार्सिलोनात काम केलं. मोरोक्कन वंशाच्या, कडव्या विचारांकडे झुकू शकतील अशा ३८ तरुणांचे मेंदूचे स्कॅन त्यांनी घेतले. त्याआधी या तरुणांना संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ दिला. काहींच्या बाबतीत समोरचे खेळाडू थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद करत. एवढ्याशा वगळलेपणानंतर जी मूल्यं त्यांच्यासाठी आधी वाटाघाटीची होती, तीही मेंदूत ‘पवित्र’, म्हणजे कशाच्याही बदल्यात न सोडायच्या, मूल्यांसारखी हाताळली जाऊ लागली आणि त्यांच्यासाठी लढण्याची तयारी वाढली. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात उघडपणे जिहादी संघटनेला पाठिंबा देणारे ३० पाकिस्तानी वंशाचे पुरुष होते. पवित्र मूल्यांचा प्रश्न आला की नफातोटा तोलणारा मेंदूचा भाग मंदावायचा. पण आपल्या समाजातल्या इतरांना ही हिंसा तितकीशी मान्य नाही असं कळल्यावर त्यांची लढण्याची तयारी खाली आली. शत्रूचा उपदेश, सरकारी जाहिरात आणि तज्ज्ञाचा युक्तिवाद यांपेक्षा शेजारच्या चार माणसांचं मत जड भरतं, असं मला या अभ्यासातून दिसतं.

पवित्र मूल्यांबाबत आणखी एक गोष्ट धोरणं आखणाऱ्यांच्या डोक्यात अजून नीट शिरलेली नाही. जेरेमी गिंजेस आणि अट्रान यांनी इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी अशा दोन्ही बाजूंना काल्पनिक तह सुचवले. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तहात पैशांची भर घातली की कट्टर लोक जास्तच संतापले आणि हिंसेला त्यांचा पाठिंबा वाढला. समोरच्याने स्वतःला प्रिय असलेली एखादी गोष्ट प्रतीक म्हणून सोडली, तर तो संताप उतरला. बिनपैशाची दिलगिरी किंवा मान्यता तिथे काम करून गेली.

हे ज्ञान रस्त्यावर कसं उतरतं याचं उदाहरण म्हणजे डेन्मार्कमधलं ऑर्हूस शहर. २०१३ साली तिथून सुमारे ३० तरुण सीरियाला लढायला गेले. २०१४ साली एकच. आकडा फक्त या कार्यक्रमामुळे घसरला असं म्हणता येणार नाही, पण त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. शिक्षक, पालक, समाजसेवक यांना शंका आली की ते पोलीस आणि नगरपालिका मिळून चालवत असलेल्या एका माहिती केंद्राला कळवतात. तिथे पहिलं काम चाळणीचं: हा खरा धोका आहे, की नुसती धार्मिकता किंवा वयातलं बंड? यातली बरीच प्रकरणं तिथेच संपतात, आणि ती संपवणं महत्त्वाचं असतं, कारण निरपराध पोराला संशयित ठरवलं की वगळलेपणाचा तोच खेळ आपण सुरू करतो. उरलेल्यांना प्रशिक्षित मार्गदर्शक मिळतो. तो वाद घालून धर्ममत बदलायला जात नाही. शिक्षण, नोकरी, घर, घरातलं भांडण असल्या प्रश्नांना हात घालतो. पालकांचे वेगळे गट असतात. सीरियातून परतलेल्याची आधी पोलीस चौकशी होते. गुन्ह्याचा पुरावा असेल तर खटला, नसेल तर कार्यक्रमाची वाट. हा क्रम उलटा करून चालत नाही.

तो ढिला पडला तर काय होतं हे २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडनमध्ये दिसलं. दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षेचा काही भाग भोगून अटींवर सुटलेला एक माणूस कैद्यांच्या पुनर्वसनावरच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला आणि त्याने त्याच कामात असलेल्या दोन तरुणांना भोसकून ठार मारलं. २०२१ साली मृत्यूचौकशीच्या ज्यूरीने सुरक्षा यंत्रणांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीतल्या त्रुटींवर आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्यातल्या चुकांवर ठपका ठेवला. तो माणूस शिकतो आहे, सुधारतो आहे, असं एकीकडे दिसत होतं आणि धोक्याची माहिती दुसरीकडे होती. ती कार्यक्रम भरवणाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही. अशा कामात वरवरचं सहकार्य हा सुधारणेचा पुरावा धरता येत नाही. माणसाला जवळ करणारा आणि त्याचा धोका मोजणारा हे दोघे वेगळे असावे लागतात, आणि ते रोज एकमेकांशी बोलत असावे लागतात.

मोठ्या चळवळींचं गणित वेगळं आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ आंदोलनांची तुलना केली. अहिंसक आंदोलनांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी ठरली, हिंसक आंदोलनांपैकी २६ टक्के. कारण नैतिक उंची नसून गर्दी होती. निःशस्त्र आंदोलनात म्हातारे, बायका, दुकानदार, कारकून असे सगळे उतरू शकतात, आणि त्यातला कोणी ना कोणी शिपायाचा नातलग निघतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात इंग्रजांच्या गोळ्यांनी अनेक निःशस्त्र लोक मारले गेले. त्याच वेळी इंग्रजांच्याच फौजेतल्या, चंद्रसिंह गढवाली यांच्या गढवाल रायफल्सच्या तुकडीने गोळी झाडायला नकार दिला. हा नकार हेच अहिंसेचं मुख्य यंत्र आहे. पण हे आकडे प्रामुख्याने सरकारांविरुद्धच्या लढ्यांचे आहेत, ते दहशतवादी टोळीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ज्या संघटनेचे लढवय्ये बाहेरून आलेले आहेत आणि ज्यांचं स्थानिकांशी नातं नाही, तिथे शिपाई फुटण्याचा दुवाच नसतो. शिवाय चेनोवेथ यांच्याच नोंदींनुसार २०१० नंतर अहिंसक आंदोलनांचं यश ३४ टक्क्यांच्या खाली आलं आहे. हिंसक आंदोलनांचं मात्र जेमतेम ८ टक्क्यांवर.

मग मोठी गर्दी जमवता येत नाही अशा छोट्या गावांनी काय करायचं? कोलंबियातल्या कारारे खोऱ्यातल्या शेतकऱ्यांपुढे १९८७ साली हाच पेच होता. गनिमांत सामील व्हा, निमलष्करी टोळ्यांत सामील व्हा, गाव सोडा, नाहीतर मरा. त्यांनी एक संघटना काढली आणि तिन्ही सशस्त्र बाजूंशी, लष्कर धरून, उघडपणे बोलणी सुरू केली. कोणाचीच बाजू घ्यायची नाही, कोणाशी बोलणं टाळायचं नाही, आणि चोरून काही ठरवायचं नाही. त्यांचं सगळ्यात कसबी काम अफवांचं होतं. एखाद्या गटाने ‘अमुक माणूस खबऱ्या आहे’ म्हटलं की संघटनेची माणसं स्वतः चौकशी करत. आरोप खोटा निघाला तर त्या गटासमोर त्याची हमी घेत. खरा निघाला तर त्या माणसाला समज देत. खबऱ्याच्या संशयावरून होणाऱ्या हत्या थांबवण्याची ही यंत्रणा. तिचं बळ एकाच गोष्टीत होतं: संघटनेचा शब्द कधीही खोटा पडता कामा नये. एकदा जरी खऱ्या खबऱ्याची खोटी हमी घेतली असती, तर पुढच्या दहा निरपराधांना कोणी वाचवू शकलं नसतं.

याची किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी १९९० मध्ये सिमितार्रा गावात संघटनेच्या तीन नेत्यांची आणि त्यांच्यासोबत असलेल्या एका पत्रकार महिलेची हत्या झाली. संघटना मोडली नाही. राजकीय शास्त्रज्ञ ऑलिव्हर काप्लान यांनी नंतर केलेल्या अभ्यासात, अशा संघटित गावांमध्ये नागरिकांवरची हिंसा घटल्याचं दिसतं.

निःशस्त्र संरक्षण हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. दक्षिण सुदानमधल्या बोर इथे १७ एप्रिल २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या छावणीवर सशस्त्र हल्ला झाला आणि डझनावारी लोक मारले गेले. नॉनव्हायोलंट पीसफोर्स या असं संरक्षण देणाऱ्या संस्थेचे दोन कार्यकर्ते एका मातीच्या झोपडीत पाच बायका आणि नऊ मुलांसोबत थांबले. बंदूकधारी तीन वेळा आले, ‘तुम्ही दोघं बाहेर निघा’ म्हणाले. दोघांनी ओळखपत्र दाखवलं आणि तिथून हलायला नकार दिला. ते चौदाही जण वाचले. हे चालतं ते हल्लेखोराला बाहेरच्या साक्षीदाराची, पुढच्या परिणामांची थोडी तरी पर्वा असेल तरच. परदेशी माणूस हेच ज्याचं आवडतं सावज आहे, अशा गटासमोर तीच युक्ती उलटते. तिथे अहिंसा समोर उभी राहण्याचा मार्ग सोडून लपवण्याचा मार्ग धरते. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये डॅनिश लोकांनी ७,००० हून अधिक ज्यू शेजाऱ्यांना होड्यांतून स्वीडनला पोहोचवलं, ते असं.

हल्ला झाल्यानंतरचे पहिले काही दिवसही निर्णायक असतात, कारण अतिरेक्याला तेव्हा सूड हवा असतो. नॉर्वेमध्ये २२ जुलै २०११ रोजी ७७ माणसं मारली गेली. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी उत्तर म्हणून अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा मागितला, आणि सोबत भाबडेपणा नको असंही बजावलं. पुढच्या वर्षी चौकशी आयोगाने पोलिसांचे वाभाडे काढले: मारेकऱ्याला लवकर थांबवता आलं असतं. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी ५१ नमाजी मारले गेले. देश शोकात त्यांच्याजवळ उभा राहिला आणि २६ दिवसांत संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक निमस्वयंचलित शस्त्रांवर बंदी घातली. या दोन्ही कृतींत मला विरोध दिसत नाही. शोकाने सूडाची वाट बंद केली, कायद्याने पुढच्या मारेकऱ्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं.

तुटलेली माणसं पुन्हा जोडण्याच्या कामाची मर्यादा साल्मा मूसा यांच्या इराकमधल्या प्रयोगाने नेमकी मोजली. ‘इस्लामिक स्टेट’ने हुसकावलेल्या ख्रिश्चनांच्या हौशी फुटबॉल लीगमध्ये काही संघांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुस्लिम खेळाडू घातले, बाकीच्यांत आणखी ख्रिश्चन. मिश्र संघांतले ख्रिश्चन पुढच्या मोसमातही मिश्र संघात खेळायला तयार झाले आणि सहा महिन्यांनीही मुस्लिमांसोबत सराव करत होते. मैदानाबाहेर मात्र, अनोळखी मुस्लिमांबाबत, फरक फारसा पडला नाही. मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाण्याची त्यांची तयारी तेवढीच राहिली. सोबतच्या बचावपटूवर बसलेला विश्वास मोसुलच्या रस्त्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्या रस्त्यासाठी आधी तो सुरक्षित आहे याची खात्री लागते, आणि ती फुटबॉल देऊ शकत नाही.