काल चालणारी क्वेरी आज का रेंगाळते?

संकेतस्थळाच्या कोडमध्ये एका ओळीचाही बदल झालेला नसताना, काल काही मिलिसेकंदांत उत्तर देणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आज अर्धा मिनिट घेऊ लागली, की पहिला संशय सर्व्हरवर किंवा वाढलेल्या वर्दळीवर जातो. पुष्कळदा मूळ मात्र १९७० च्या दशकातील एका तडजोडीत असते.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमुळे, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीमुळे, कोणती माहिती हवी एवढेच वापरणाऱ्याने सांगायचे आणि ती शोधण्याची वाट डेटाबेसने ठरवायची, अशी विभागणी शक्य झाली. ही वाट खर्चाच्या अंदाजावरून निवडण्याची पद्धत आयबीएमच्या सॅन होजे येथील सिस्टिम आर या डेटाबेस प्रकल्पात घडली आणि पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. टेबलमधील नोंदींची आकडेवारी हा या अंदाजाचा पाया होता. परंतु प्रत्येक नोंदीगणिक ती अद्ययावत केल्यास कामाचा भार वाढतो, म्हणून ती अधूनमधूनच ताजी करायची असे ठरले. तो निर्णय रास्तच होता, पण त्यामुळे शिळ्या आकडेवारीवर विसंबण्याचा धोका कायमचा मागे लागला.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २००५ पासून ऑटोव्हॅक्यूम हा पार्श्वभूमीवर चालणारा भाग आकडेवारी ताजी करण्याचे काम आपोआप करू शकतो आणि २००८ पासून तो मुळातच चालू असतो. तरीही मूळ सेटिंगनुसार सुमारे १० टक्के नोंदी बदलल्याशिवाय तो आकडेवारी पुन्हा गोळा करत नाही. १० कोटी नोंदींच्या ऑर्डर टेबलमध्ये रात्रीतून ५ लाख 'प्रलंबित' ऑर्डर जमा झाल्या आणि जुन्या आकडेवारीत ही स्थिती जवळपास नसलीच, तर प्लॅनर (शोधाची वाट ठरवणारा डेटाबेसचा भाग) मोजक्याच नोंदी गृहीत धरून नेस्टेड लूप, म्हणजे एका टेबलमधील प्रत्येक नोंदीसाठी दुसऱ्या टेबलमध्ये शोध घेण्याची पद्धत, निवडू शकतो; मग दुसऱ्या टेबलमधला शोध पाच लाख वेळा घ्यावा लागतो.

निदानाची साधने हळूहळू आली. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ७.२ आवृत्तीत, २००२ मध्ये, एक्स्प्लेन ॲनालाइझ (क्वेरी प्रत्यक्ष चालवून तिची वाट दाखवणारी आज्ञा) आले आणि अंदाजित व प्रत्यक्ष नोंदी शेजारी शेजारी दिसू लागल्या. माझ्या मते या दोन आकड्यांतली तफावत हीच पाहण्याची पहिली जागा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची नोंदवही, मुळात बंद असतो आणि चालू केला तरी त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे, त्यामुळे ५ मिलिसेकंदांवरून २ सेकंदांवर गेलेली क्वेरी तिथे नोंदलीच जात नाही. अंदाजित व प्रत्यक्ष नोंदींत तफावत दिसताच त्या टेबलवर ॲनालाइझ (आकडेवारी ताजी करण्याची आज्ञा) चालवून प्लॅन, म्हणजे निवडलेली वाट, पुन्हा पाहावा. नवे इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) बांधण्याचा विचार त्यानंतर करावा.